स्लीप ॲप्निया: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. बँकेतून निवृत्त झालोय आणि स्लीप ॲप्नियासाठी, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या आजारासाठी, गेली सहा वर्षं सीपॅपचा (नाकात दाबानं हवा सोडणाऱ्या मशीनचा) मास्क लावून झोपतोय. ओळखीतल्या कुणाला डॉक्टरांनी मशीन सांगितलं की त्याचा फोन मला येतो, आठवड्यानं त्याच्या मेव्हण्याचा येतो, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून ते एकदा नीट लिहून काढले. गोळी, प्रेशर आणि ऑपरेशन यांचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांचाच.

१. घोरणं म्हणजेच स्लीप ॲप्निया का?

नाही. अरुंद झालेल्या घशातून हवा जाताना टाळू आणि पडजीभ थरथरते, त्याचा आवाज म्हणजे घोरणं. ॲप्नियात घसा काही वेळ पूर्ण मिटतो. छाती आणि पोट हवा ओढायला धडपडत असतात, पण आत काहीच जात नाही. असं किमान दहा सेकंद झालं की एक ॲप्निया मोजतात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, मोठा आचका बसतो आणि पुन्हा घोरणं सुरू. रात्रभर हेच चक्र.

त्यामुळे आवाज किती मोठा आहे ते सोडा, मधली शांतता ऐका. एका लयीत घोरणारा फक्त घरच्यांची झोप मोडतो. घोरता घोरता एकदम गप्प होऊन मग दचकून श्वास घेणाऱ्याला तपासून घ्यायला हवं. दुसरा एक प्रकार आहे, सेंट्रल; तो प्रश्न २१ मध्ये.

२. मला तर रात्री काहीच होत नाही, ढाराढूर झोपतो. बायको म्हणते श्वास थांबतो. खरं कुणाचं?

बायकोचं. ही जाग इतका थोडा वेळ असते की सकाळी आठवतच नाही. तासाला तीस वेळा जाग आलेला माणूस सकाळी "मस्त झोप झाली" म्हणतो आणि अकरा वाजता कामावर पेंगतो.

माझं निदान गच्चीवर झालं. मे महिन्यात आम्ही सगळे वर झोपायचो. एका सकाळी पलीकडच्या गच्चीवरच्या काकूंनी बायकोला विचारलं, "अहो, भाऊंना रात्री काय झालं होतं?" बायको दोन वर्षं हेच सांगत होती. शेजारच्या काकू बोलल्यावर मला पटलं, याची अजून लाज वाटते.

फोनवर दहा-पंधरा मिनिटांचा व्हिडिओ काढा. शक्यतो पहाटे काढा, कारण स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि त्यात घशाचे स्नायू सर्वांत सैल पडतात. छाती आणि तोंड दिसू द्या, आवाज येऊ द्या. डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा तो व्हिडिओ जास्त उपयोगी पडतो. एकटे राहणाऱ्यांनी उशाशी फोन ठेवून नुसतं रेकॉर्डिंग केलं तरी चालेल. आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेल्या एका जोडप्यात दोघांनाही ऐकायला कमी येतं. त्यांच्याकडे ही गोष्ट सुट्टीला आलेल्या नातवाला कळली.

३. दुपारी जेवल्यावर डुलकी तर अख्ख्या सोलापूरला लागते. काळजी नेमकी कधी करायची?

दुपारी आडवं पडल्यावर झोप लागली तर तो आजार नाही, ती आपली परंपरा आहे. समोरच्याशी बोलता बोलता डोळा लागला किंवा सिग्नलला थांबलेल्या गाडीत मान पडली, तर गोष्ट वेगळी. यासाठी एपवर्थ नावाची प्रश्नावली वापरतात. आठ प्रसंग, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २४. दहाच्या वर गेलात तर दिवसाची झोप जास्त आहे असं धरतात.

झोपेखेरीजही खुणा असतात. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, चिडचिड, विसरभोळेपणा, तीन-तीन गोळ्यांनीही न उतरणारं बीपी. आणि रात्री तीन-चारदा लघवीला उठणं. साठीच्या पुरुषाला लोक लगेच "प्रोस्टेट" म्हणतात. पण मिटलेल्या घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीत उलटा दाब तयार होतो, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि हृदय एक संप्रेरक सोडतं, त्यानं लघवी वाढते. माझं हे उठणं मशीन लावल्यावर पहिल्या आठवड्यातच कमी झालं.

शर्टाच्या कॉलरवरूनही अंदाज येतो. मानेचा घेर ४० सेंटीमीटरच्या वर, वय पन्नाशीपुढे, बीपी आहे आणि घोरता, एवढं जुळलं तर तपासणी लांबवू नका.

४. मी लठ्ठ नाही. आणि हा पुरुषांचाच आजार ना?

दोन्ही समज चुकीचे आहेत. वजन हे मोठं कारण आहे, एकमेव नाही. आत गेलेली हनुवटी, लहान जबडा, मोठे टॉन्सिल, कमी चालणारं थायरॉइड आणि घराण्यातली ठेवण ही पण कारणं आहेत. किडकिडीत माणसालाही हा आजार होतो आणि त्याचं निदान उशिरा होतं, कारण कुणाला शंकाच येत नाही.

एम्सच्या संशोधकांनी २०२३ मध्ये देशातल्या आधीच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. त्यात प्रौढांपैकी सुमारे ११ टक्क्यांना हा आजार असल्याचं निघालं, म्हणजे जवळपास साडेदहा कोटी माणसं. पुरुषांत प्रमाण १३ टक्के, बायकांत ५. पाळी थांबल्यावर बायकांचं प्रमाण वाढतं. त्यांची तक्रारही वेगळी असते: झोपच लागत नाही, अंग मोडून येतं, डोकं दुखतं, उदास वाटतं. अशा बाईला रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात, "टेन्शन घेऊ नका" असा सल्ला मिळतो, पण घोरण्याबद्दल कुणी विचारत नाही. बाईनं स्वतःहून "मी घोरते" म्हणणं आपल्याकडे अवघड, म्हणून घरच्यांनीच सांगायला हवं.

५. बप्पी लाहिरी यानंच गेले ना? झोपेत श्वास थांबून माणूस मरतो का?

फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा मुंबईतल्या रुग्णालयानं हेच कारण सांगितलं होतं. त्यांना इतरही आजार होते. त्यानंतर महिनाभर माझा फोन बंद नव्हता.

एरवी असा श्वास अडकून माणूस तिथल्या तिथे जात नाही, मेंदू त्याला जागं करतो. नुकसान हळूहळू साचतं. दर वेळी ऑक्सिजन उतरतो आणि ॲड्रेनॅलिन उसळतं, त्यामुळे बीपी वाढतं, हृदयाचे ठोके अनियमित होतात, पक्षाघात आणि मधुमेहाचा संबंध लागतो. अपघातांचा धोका वेगळाच (प्रश्न २४).

मशीन विकणारे एक गोष्ट सांगत नाहीत. आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या २,७१७ रुग्णांच्या २०१६ सालच्या मोठ्या चाचणीत सीपॅपमुळे पुढचे झटके कमी झाल्याचं दिसलं नाही. त्यांचा सरासरी वापर रात्री ३.३ तास होता, हेही लक्षात घ्या. दिवसाची झोप, घोरणं आणि मनःस्थिती मात्र स्पष्ट सुधारली. तेव्हा "मशीन घेतलं, आता ॲटॅक येणार नाही" असं समजून बीपीची गोळी सोडू नका.

६. सोलापुरात कुणाकडे जायचं? तपासणी कशी असते?

छातीच्या डॉक्टरांकडे किंवा कान-नाक-घशाच्या. नाक सतत बंद असेल तर घशाच्या डॉक्टरांपासून सुरुवात करा. खर्चाची अडचण असेल तर सिव्हिलची ओपीडी आहेच. तिथे सकाळी लवकर जा आणि व्हिडिओ, जुनी फाइल, चालू गोळ्या बरोबर न्या.

तपासणीला स्लीप स्टडी म्हणतात. पूर्ण स्टडीत एक रात्र लॅबमध्ये झोपायचं असतं. डोक्याला, डोळ्यांशेजारी, हनुवटीला आणि पायांना तारा, छाती-पोटाला पट्टे, नाकाखाली नळी, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. एवढ्यात झोप कशी लागणार असं वाटतं, पण लागते. कधी अर्धी रात्र तपासणी आणि उरलेली अर्धी मास्क लावून प्रेशर ठरवणं, असं एकाच रात्रीत उरकतात. दुसरी घरची टेस्ट. तंत्रज्ञ छोटं यंत्र बांधून जातो, सकाळी घेऊन जातो. यात मेंदूच्या तारा नसतात.

फोनवर पैसे विचारण्याआधी एवढं विचारा: "टेस्ट तारांची की घरची, आणि रिपोर्ट कोण वाचणार?" यंत्रातून आपोआप निघालेल्या कागदावर डॉक्टरांनी नजर घातलीच पाहिजे. त्या रात्रीसाठी दाढी करा, डोक्याला तेल लावू नका आणि रोजच्या गोळ्या विचारल्याशिवाय बंद करू नका.

७. रिपोर्टमध्ये एएचआय ३४ आलाय. म्हणजे काय?

तासाला सरासरी ३४ वेळा तुमचा श्वास थांबला किंवा बराच उथळ झाला. पाचच्या आत नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, तीसच्या वर तीव्र. तुमचा तीव्र आहे. त्याच कागदावर ऑक्सिजन कुठवर उतरला आणि ९० टक्क्यांच्या खाली किती वेळ राहिला तेही बघा. एएचआय सारखाच असलेल्या दोघांत ज्याचा ऑक्सिजन ७० पर्यंत जातो त्याची घाई जास्त. पाठीवर झोपल्यावरचा आकडा वेगळा दिलेला असेल तर त्याचा उपयोग प्रश्न १० मध्ये आहे.

८. घरची टेस्ट नॉर्मल आली, पण त्रास तसाच आहे.

मग पूर्ण स्टडी करा. घरच्या यंत्राला तुम्ही झोपलात की नुसते पडून होतात हे कळत नाही. सात तास यंत्र बांधून चारच तास झोपलात तरी ते भागाकार सातनं करतं आणि आकडा कमी दिसतो. चिमटा निसटला तरी तसंच. घरच्या टेस्टमध्ये आजार दिसला तर तो बहुधा असतोच. दिसला नाही म्हणून "नाही" असं ठरवू नये.

९. वजन कमी केलं तर मशीन सुटेल का? ते नवीन इंजेक्शन कसं?

अमेरिकेतल्या २००० सालच्या एका अभ्यासात वजन १० टक्के उतरलं तेव्हा एएचआय सुमारे एक चतुर्थांश कमी झाला, आणि १० टक्के वाढलं तेव्हा जवळपास एक तृतीयांश वाढला. ९० किलोच्या माणसानं ९ किलो उतरवले तर सौम्य आजार संपू शकतो, तीव्र आजार मध्यमावर येऊ शकतो. मशीन सुटलं की नाही हे पुन्हा स्टडी करून ठरतं, आरशात बघून नाही.

इंजेक्शन म्हणजे टिर्झेपेटाइड. लठ्ठपणासोबत मध्यम किंवा तीव्र ॲप्निया असलेल्यांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याला डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. भारतात ते मार्च २०२५ मध्ये मधुमेह आणि वजनासाठी आलं. आठवड्याला एक, महाग, मळमळ होते, आणि थांबवल्यावर वजन परत चढू शकतं. परिणाम दिसायला महिने जातात, तोवर मशीन चालूच ठेवायचं. जिमवाल्याकडून घेऊ नका. हे लिहावं लागतंय, कारण एकानं घेतलं होतं.

१०. प्राणायाम, शंख, नाकात तूप, कुशीवर झोपणं यांचा उपयोग होतो का?

तुपानं नाकाचा कोरडेपणा जाईल, मिटणारा घसा उघडणार नाही.

शंखाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. जयपूरच्या डॉक्टरांनी ३० रुग्णांवर केलेला अभ्यास ऑगस्ट २०२५ मध्ये छापून आला. आठवड्यातून पाच दिवस, रोज किमान पंधरा मिनिटं, सहा महिने शंख वाजवणाऱ्यांची दिवसाची झोप ३४ टक्क्यांनी कमी झाली आणि एएचआय तासाला चार-पाचनं उतरला. घशाच्या स्नायूंना व्यायाम मिळतो, हे पटण्यासारखं आहे. पण ३० म्हणजे फारच थोडे लोक, आणि ३४ मधून पाच गेले तरी २९ उरतात. सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्या आमच्या एका मित्रानं शंख सुरू केला, शेजाऱ्यांनी आठवड्यात बंद करायला लावला.

कुशीवर झोपण्याचा फायदा खरा आहे. पाठीवर जीभ मागे पडते. ज्यांचा आजार मुख्यतः पाठीवरच आहे त्यांनी बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात रबरी चेंडू घालावा. जुना उपाय, पण पाठ टेकू देत नाही.

११. मशीन नेमकं काय करतं? ऑक्सिजन देतं का? आणि एकदा लावलं की सवय लागते म्हणतात.

सीपॅप ऑक्सिजन देत नाही. खोलीतलीच हवा गाळून ठरावीक दाबानं नाकात सोडतं, आणि त्या दाबानं घसा आतून उघडा राहतो. १९८० मध्ये सिडनीत कॉलिन सुलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरून पहिलं यंत्र जुळवलं होतं. आजचं मशीन डब्याएवढं आणि जवळजवळ बिनआवाजी असतं.

"घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे, तोच लावू का?" असं विचारतात. नका लावू. मिटलेल्या घशातून ऑक्सिजनही जात नाही, आणि काही रुग्णांत नुसत्या ऑक्सिजननं शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो.

सवयीबद्दल सांगायचं तर चष्म्याची लागते तेवढीच. काढला की आधीसारखं दिसतं. मशीन आजार बरा करत नाही, लावलेल्या रात्रीपुरता थांबवतं.

१२. किती खर्च येतो? विमा देतो का?

स्वतः दाब कमी-जास्त करणारं ऑटो सीपॅप साधारण तीस हजारांपासून पुढे. बायपॅप (श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणारं) त्याहून महाग, आणि ते सगळ्यांना लागत नाही. दुकानदारानं "बायपॅपच घ्या, चांगलं असतं" म्हटलं तर डॉक्टरांची चिठ्ठी मागा. मास्क वेगळा, आणि तो झिजतो, हा खर्च धरूनच चाला. मला पहिलं मशीन विकणाऱ्यानं मास्कचं मापही घेतलं नव्हतं, प्रेशर दाखवणं तर दूरच. घेण्याआधी आठवडाभर भाड्यानं वापरून पाहा.

बहुतेक आरोग्य विमे घरी वापरायच्या यंत्राचे पैसे देत नाहीत. केंद्र सरकारच्या सीजीएचएस योजनेतल्यांना आधी परवानगी घेतली तर परतावा मिळतो. आधी घेऊन मग बिल लावलं तर खेटे घालत बसाल.

१३. ओळखीच्यांकडे करोनातलं मशीन पडून आहे. फुकट देतायत. वापरू का?

तीन गोष्टी बघा. एक, ते सीपॅप आहे की बायपॅप की ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. लोक तिन्हींना "ऑक्सिजनचं मशीन" म्हणतात. दोन, एका मोठ्या कंपनीनं जून २०२१ मध्ये लाखो मशीन परत मागवली होती, कारण आवाज दाबणारा आतला फोम झिजून त्याचे कण हवेत यायचे. तेव्हा मॉडेल आणि सिरीयल नंबर तपासा. तीन, मास्क, नळी आणि फिल्टर नवीनच घ्या, आणि प्रेशर तुमच्या रिपोर्टप्रमाणे लावून घ्या. दुसऱ्याच्या प्रेशरवर झोपणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालणं.

१४. मास्कनं गुदमरतं. तासाभरात झोपेतच काढून टाकतो. काय करू?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. निम्मी मशीन याच कारणानं कपाटावर जात असावीत, असा माझा अंदाज.

पहिले आठ दिवस रात्रीचा विचारच करू नका. संध्याकाळी टीव्ही बघताना मास्क नुसता हातानं धरा, मग पट्टे लावा, मग मशीन सुरू करा. वीस मिनिटं, अर्धा तास. शरीराला कळू द्या की यात कुणी मरत नाही. मग दुपारच्या झोपेत, मग रात्री. मशीनमध्ये रॅम्पची सोय असते: दाब (मशीनवरचा आकडा) चारपासून सुरू होऊन हळूहळू चढतो. ती चालू करून घ्या. गंमत अशी की "गुदमरतं" म्हणणाऱ्या अनेकांना सुरुवातीचा दाब कमी पडत असतो. त्यांचा चारचा सहा केला की मोकळं वाटतं. हे डॉक्टरांना विचारून करा.

मग मास्कचा प्रकार. नाकपुडीला टेकणारा सर्वांत छोटा, नाक झाकणारा मधला, नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा. तोंड उघडं पडतं म्हणून सरसकट मोठा देतात, पण नाक मोकळं केलं तर पुष्कळांचं तोंड आपोआप मिटतं. भरघोस मिशी असेल तर नाक झाकणाऱ्या मास्कच्या कडेनं हवा गळते. मिशी प्रिय असेल तर नाकपुडीचा मास्क वापरून पाहा. मिशी काढा असं मी कुणालाच सांगत नाही, त्या वाटेला गेलेल्या एकानं मशीनच परत केलं. पट्टे करकचून आवळू नका, त्यानं गळती वाढते आणि नाकावर व्रण पडतो. मास्क झोपूनच बसवा, बसून लावलेला झोपल्यावर सैल होतो.

निदान चार तास, आठवड्यातले पाच दिवस, एवढं जमलं की वापर ठीक मानतात. ही पास होण्याची रेघ आहे. फायदा तासांबरोबर वाढतो, पहाटेचे तास तर सोडूच नका (कारण प्रश्न २ मध्ये).

१५. सकाळी पोट फुगतं, ढेकर येतात.

हवा पोटात जातेय. डोक्याकडची बाजू थोडी उंच करा, जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा. आठवड्यात थांबलं नाही तर प्रेशर तपासून घ्या.

१६. आपलं पाणी, धूळ आणि लाइट. मशीन टिकेल का?

ह्युमिडिफायरच्या (मशीनची हवा ओलसर करणाऱ्या) भांड्यात नळाचं किंवा बोअरचं पाणी घालू नका. आठवड्यात तळाला पांढरा थर बसतो. उकळल्यानं क्षार जात नाहीत. मेडिकलमधून डिस्टिल्ड वॉटर आणा. बॅटरीच्या दुकानातलं नको. अडीनडीला आरओचं चालेल. नळाला पाच दिवस पाणी आलं नाही म्हणून कालचंच पाणी भांड्यात ठेवू नका, रोज ओतून टाका. एप्रिल-मेमध्ये कूलर लावत असाल तर खोलीत ओलावा पुरेसा असतो, ह्युमिडिफायर बंद ठेवलं तरी भागतं. उलट थंडीत किंवा एसीत नळीत पाणी साचून गुडगुडतं. मी नळीला जुन्या सोलापुरी चादरीची खोळ शिवून घातलीय, तेव्हापासून बंद.

फिल्टर दर आठवड्याला उघडून बघा. घरात किंवा शेजारी माग असेल तर सुताचे बारीक तंतू त्यात अडकतात आणि फिल्टर लवकर बदलावा लागतो. मास्क रोज ओल्या फडक्यानं पुसा, आठवड्यातून एकदा सौम्य साबणानं धुवा, सावलीत वाळवा.

वळवाच्या पावसात लाइट गेली तर मास्कमध्ये जीव जाईल ही भीती सोडा. मास्कला हवा बाहेर जायला भोकं असतात, मोठ्या मास्कला झडपही असते, आणि माणसाला जाग येतेच. घरचा साधा इन्व्हर्टर मशीन रात्रभर खेचतो. वीज खाते ती पाणी तापवणारी प्लेट, ती तेवढी बंद करा.

१७. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबईला जायचंय. वारीलाही जातो. तेव्हा काय?

रेल्वेत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवतात, त्यांच्यावर विसंबू नका. एका रात्रीचा प्रवास कुशीवर झोपून काढता येतो, पण खालचा बर्थ घ्या आणि झोपेची गोळी किंवा दारू टाळा. दुसऱ्या दिवशी गाडी चालवायची असेल तर बेत बदला.

पंढरपुरात मठात किंवा तंबूत चार-पाच रात्री काढायच्या असतील तर मशीनच्या कंपनीचा डीसी अडॅप्टर आणि बॅटरी बरोबर हवी, ह्युमिडिफायर घरीच. कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांचा प्रश्नच नाही, त्या रात्री कुणी झोपतच नाही.

१८. रात्री दोन पेग घेतल्यानं छान झोप लागते. झोपेची गोळी घेतली तर?

दोन्हींनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि जाग उशिरा येते, म्हणजे श्वास जास्त वेळ अडकतो. निदान होण्याआधी मला एका डॉक्टरांनी "झोप नीट होत नाही" म्हटल्यावर गोळ्या लिहून दिल्या होत्या. ते महिने बायकोनं कसे काढले ते तिलाच माहीत. गोळी आधीपासून चालू असेल तर एकदम बंद करू नका, ॲप्नियाचं सांगून पर्याय विचारा.

१९. मशीन नकोच. ऑपरेशन किंवा दातांचं काही?

सौम्य-मध्यम आजारात दातांचे डॉक्टर खालचा जबडा पुढे धरणारं उपकरण मापानं बनवून देतात. घोरण्यावर ते चांगलं चालतं, दात मजबूत हवेत. ऑनलाइन मिळणारं गरम पाण्यात वाकवायचं प्लॅस्टिक नको.

मोठे टॉन्सिल, वाकडं नाक, जबड्याची ठेवण असं स्पष्ट कारण असेल तर ऑपरेशनला अर्थ आहे. नुसत्या नाकाच्या ऑपरेशननं ॲप्निया क्वचितच जातो, मात्र मास्क सुसह्य होतो. "लेझरनं दहा मिनिटांत घोरणं बंद" अशी जाहिरात दिसली तर आवाज बंद होईल आणि श्वास अडकणं चालूच राहील, ही भीती धरा. ऑपरेशननंतर पुन्हा स्टडी करणार का, हे आधी विचारा.

२०. माझा सहा वर्षांचा मुलगा घोरतो. तोही मशीनवर?

सहसा नाही. दोन ते आठ या वयात टॉन्सिल आणि ॲडेनॉइड वाढलेले असतात, आणि बहुतेकांचा पहिला उपचार ते काढणं हाच. मुलं पेंगत नाहीत, उलट जास्त दंगा करतात, अभ्यासात लक्ष लागत नाही, तोंड उघडं ठेवून झोपतात, अंथरूण ओलं करतात. मुलांचे आकडेही वेगळे, तासाला एकाच्या वर गेला तरी लक्ष द्यायचं. प्रश्न ७ मधलं कोष्टक त्यांना लावू नका.

२१. मशीनच्या ॲपमध्ये "सेंट्रल" दिसतंय. म्हणजे?

यात घसा उघडाच असतो, मेंदू श्वास घ्यायचा आदेशच देत नाही. मशीन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत असे थोडे प्रसंग येतात आणि अनेकांचे आपोआप कमी होतात. आकडा वाढत राहिला, हृदय कमजोर असेल किंवा वेदनेसाठी अफूवर्गातलं औषध चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा. स्वतः प्रेशर वाढवू नका, त्यानं सेंट्रल वाढू शकतं. हृदयाची पंपिंग ४५ टक्के किंवा कमी असेल तर एएसव्ही नावाचं मशीन धोक्याचं, हे २०१५ च्या चाचणीत दिसलंय. ईकोचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय ते घेऊ नका.

२२. रोज सात तास लावतो, एएचआय दोन आहे, तरी दिवसा झोप येते.

आधी ॲपमध्ये गळती बघा, गळती जास्त असेल तर तो "दोन" फसवा असतो. मग थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर. मग गोळ्या: ॲलर्जीची, मनाची, काही वेदनेच्या. मग कामाची पाळी: एक आठवडा रात्रपाळी, एक दिवसपाळी करणाऱ्याला मशीन वाचवू शकत नाही. उदासीनताही तपासा. हे सगळं ठीक असेल तर झोपेचे वेगळे आजार असतात, त्यासाठी पुण्या-मुंबईच्या झोपतज्ज्ञाकडे जाणं योग्य.

२३. हर्नियाचं ऑपरेशन आहे, ॲप्नियाचं सांगायलाच हवं का? आणि गरोदरपणात?

हो, आणि सर्जनपेक्षा भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. भूल आणि वेदनाशामकांनंतर घसा जास्त मिटतो. आपलं मशीन पिशवीत घालून न्या, वॉर्डात पहिल्याच रात्री लावा. गरोदरपणात नव्यानं जोरात घोरणं सुरू झालं आणि बीपीही वाढलं तर स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. सीपॅप त्या काळात चालतं.

२४. ट्रक चालवतो. निदान झालं तर नोकरी जाईल म्हणून तपासत नाही.

हैदराबाद महामार्गावर पहाटे तीन ते पाचची वेळ कशी असते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. चहा, गाणी, खिडकी उघडणं यांनी मिटणारा डोळा काही मिनिटंच थांबतो. पंधरा-वीस मिनिटं गाडी बाजूला लावून झोपणं त्याहून उपयोगी. उपचार घेणाऱ्या ड्रायव्हरची झोप ताळ्यावर येते, आणि मशीनच्या नोंदी हा त्याचा पुरावा असतो. मालकाला दाखवायला कागद लागतो, तो याच नोंदींतून मिळतो.

२५. नवरा तपासणीला तयारच नाही. काय करू?

"तुम्ही घोरता" म्हटलं की पुरुष भांडतो. व्हिडिओ दाखवा, तोही रागात नको, सकाळी चहाच्या वेळी. तरी ऐकलं नाही तर बीपीच्या नेहमीच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत तुम्हीच व्हिडिओ दाखवा, त्यांच्या तोंडून आलेलं चालतं. थेट लॅबचं नाव काढण्यापेक्षा घरच्या टेस्टपासून सुरुवात करा, एक रात्र बोटाला चिमटा लावायला फारसं कुणी नाही म्हणत नाही. आणि शेजारच्या काकूंची मदत घ्यायला लाजू नका.